ग्रीन कार्ड नसताना अमेरिकेत घराचं कर्ज

अमेरिकेत घर विकत घ्यायला ग्रीन कार्ड लागत नाही. खरं तर व्हिसाही लागत नाही. पुण्यात बसून टेक्ससमधलं घर रोखीने घेणंही कायदेशीर आहे. टेक्सस, फ्लोरिडा अशा राज्यांनी अलीकडे परदेशी खरेदीदारांवर बंधनं घातली, पण त्यांचा रोख चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया अशा देशांकडे आहे. भारत त्या याद्यांत नाही.

गाडी अडते ती कर्जापाशी, आणि तिथेही बहुतेकांना वाटतं त्या कारणाने नाही. "तुमच्याकडे ग्रीन कार्ड नाही" म्हणून अर्ज नाकारला गेल्याचं ऐकलं, तर त्यामागे बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते: उत्पन्न पुढे चालू राहील याचा कागद नाही, अमेरिकेतला क्रेडिटचा इतिहास कोवळा आहे, किंवा डाउन पेमेंटचा पैसा कुठून आला ते दाखवता येत नाही. तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. फक्त घर पसंत पडल्यावर दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

कर्ज देणारा एक, नियम दुसऱ्याचे

अमेरिकेत बँक किंवा मॉर्गेज (गृहकर्ज) कंपनी कर्ज देते आणि बरेचदा थोड्याच दिवसांत ते पुढे विकून टाकते. विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था म्हणजे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक. म्हणून कर्ज देताना लेंडर आपल्यापेक्षा त्यांच्या नियमांकडे जास्त बघतो. आणि त्यांचा नियम आपल्या बाजूचा आहे: अर्जदार अमेरिकेत कायदेशीरपणे राहत असेल, तर कायमचा रहिवासी नसला तरी त्याला नागरिकाच्याच अटींवर कर्ज देता येतं. व्याजदर वेगळा नाही, जास्त डाउन पेमेंटची सक्ती नाही, देशात अमुक वर्षं काढली पाहिजेत अशीही अट नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ टक्के, एरवी ५ टक्के डाउन पेमेंटवरही हे कर्ज बसतं. २० टक्क्यांच्या आत भरलं तर पीएमआय नावाचा विमा लागतो, आणि हप्ता आपण भरायचा तरी तो विमा असतो लेंडरच्या सुरक्षेसाठी. १९९८ च्या कायद्यानुसार, हप्ते वेळेवर भरलेले असतील तर कर्जाची शिल्लक घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आली की तो काढा असं लेखी मागता येतं, आणि ७८ टक्क्यांवर तो आपोआप निघतो. ८० ची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देईलच असं नाही.

या संस्था ठरावीक रकमेपर्यंतचीच कर्जं घेतात. २०२६ साठी बहुतेक भागांत ही मर्यादा ८,३२,७५० डॉलर आहे आणि बे एरियासारख्या महागड्या भागांत १२,४९,१२५ डॉलरपर्यंत जाते. त्याच्या वरचं कर्ज जम्बो. ते बँक सहसा स्वतःकडे ठेवते, म्हणून नियमही तिचेच, आणि व्हिसावरच्या माणसाकडे ती २० टक्के किंवा त्याहून जास्त मागू शकते. घराची किंमत मर्यादेच्या सीमेवर असेल, तर थोडं जास्त डाउन पेमेंट भरून कर्ज मर्यादेखाली आणणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

एक दार मात्र खरोखर बंद झालं आहे. एफएचए या सरकारी हमीच्या कर्जाला साडेतीन टक्के डाउन पेमेंट आणि ५८० चा क्रेडिट स्कोअर पुरे असे, त्यामुळे नव्याने आलेल्यांचा तो लाडका मार्ग होता. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण खात्याने नियम बदलला आणि २५ मे २०२५ पासून कायमचा रहिवास नसलेल्यांना हे कर्ज मिळणं बंद झालं. जुने लेख आणि जुने व्हिडिओ अजून एफएचएचं गुणगान करतात. तारीख बघून वाचा.

मग बँकांची उत्तरं वेगवेगळी का येतात? कारण फॅनी मे कोणते इमिग्रेशन कागद मागायचे हे लेंडरवर सोडते, आणि लेंडर त्यावर आपले जादा नियम चढवतो. एक म्हणेल व्हिसाची मुदत वर्षभर तरी उरलेली हवी, दुसरा म्हणेल एकदा मुदतवाढ झालेली दाखवा, तिसरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) घेईल पण ओपीटी (शिक्षणानंतरची तात्पुरती कामाची परवानगी) घेणार नाही. म्हणून एका बँकेच्या नकाराला देशाचा कायदा समजू नये. फोनवर पहिलाच प्रश्न असा विचारावा: "मी एच-१बीवर आहे, आय-९४ वरची वास्तव्याची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, कर्ज फॅनी-फ्रेडीच्या मर्यादेतलं आहे. या परिस्थितीसाठी तुमचे स्वतःचे जादा नियम कोणते?" समोरचा गोंधळला तर पुढच्याकडे जा. एडिसन, फ्रिस्को, केरी, फ्रीमाँट अशा भारतीय वस्तीच्या गावांत असे अर्ज रोज हाताळणारे लोन ऑफिसर आणि ब्रोकर सहज सापडतात. तिथला माणूस प्रेमळ नसला तरी चालेल, त्याला आय-७९७ हे व्हिसाचं मंजुरीपत्र वाचता आलं पाहिजे.

कागद: पासपोर्टवरचा शिक्का नव्हे, आय-९४

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा फक्त देशात शिरण्याचा परवाना आहे. तो संपला असला तरी आत राहून काम करण्याचा हक्क शाबूत असू शकतो, कारण तो हक्क आय-७९७ मंजुरीपत्र आणि त्याला जोडलेल्या आय-९४ वरून ठरतो. अननुभवी लोन ऑफिसर संपलेला शिक्का बघून फाईल बाजूला ठेवतो. आपण पहिल्याच दिवशी पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ एकत्र पाठवावेत आणि सोबत दोन ओळींत लिहावं की वास्तव्याची मुदत आय-९४ वर आहे.

एच-१बी तीन अधिक तीन अशी सहा वर्षं चालतो. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल आणि भारतीयांची रांग संपलेली नसेल, तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची वाढ मिळत राहते. त्यामुळे आय-१४० चं मंजुरीपत्र मागितलं नसलं तरी फाईलला जोडावं. आज आठ महिन्यांची मुदत उरलेला माणूस आणि आठ महिने उरलेले पण आय-१४० हातात असलेला माणूस, या दोघांत बराच फरक आहे, आणि तो फरक कागदावर दिसायला हवा.

मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असेल तर? वेळेत अर्ज केलेला असल्यास जुन्याच मालकाकडे २४० दिवस काम करता येतं. कायद्याने ठीक, पण अंडररायटर, म्हणजे फाईल तपासून मंजूर करणारा माणूस, पावतीवर समाधान मानेलच असं नाही. सहा महिन्यांच्या आत मुदत संपत असेल आणि घर बघायला सुरुवात करायची असेल, तर आधी मुदतवाढ उरकून घ्यावी. तातडीचं शुल्क भरलं की १५ कामाच्या दिवसांत निकाल येतो.

एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या जोडीदाराच्या पगाराची गोष्ट अलीकडे बदलली आहे. पूर्वी ईएडी या कामाच्या परवान्याच्या कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुनं कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ही सवलत नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर पगार थांबतो, आणि हे लेंडरलाही ठाऊक आहे. शक्य असेल तर कर्ज एच-१बीवाल्याच्या एकट्याच्या पगारावर बसेल एवढंच घर बघावं आणि दुसरा पगार हिशोबाबाहेर ठेवावा. जोडीदार कर्जात नसला तरी घराच्या मालकीत नाव घालता येतं. कर्जाचा अर्ज आणि मालकीचा दस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, पण मालकीसाठी तो लागतही नाही.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण नावांची. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. काहींचं तर पहिलं नावही लग्नात बदललेलं. पदवीवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव गायब. लेंडर यासाठी नावांचं प्रतिज्ञापत्र घेतो, म्हणजे ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असं लिहून देणं. आजवरच्या सगळ्या कागदांवरची नावं आधीच एका यादीत लिहून दिली, की शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचते. मालकीच्या दस्तावर मात्र पासपोर्टवरचंच नाव घाला.

क्रेडिट: सिबिल इथे कामाचा नाही

भारतात सिबिल ८०० असला तरी अमेरिकेतली मॉर्गेजची फाईल शून्यापासून सुरू होते. अमेरिकन एक्स्प्रेससारखी कंपनी भारतातला इतिहास बघून नवख्याला कार्ड देते, आणि पहिली पायरी म्हणून ते चांगलंच आहे. पण मॉर्गेजसाठी स्कोअर अमेरिकेतल्याच तीन संस्थांचा लागतो. फायको स्कोअर तयार व्हायला किमान एक खातं सहा महिने जुनं हवं. त्याआधी स्कोअर कमी असतो असं नाही, तो नसतोच.

म्हणून उतरल्याच्या महिन्यात एक कार्ड घ्यावं. साधं मिळालं नाही तर ३००-५०० डॉलर अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड. मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आसपास खर्च आणि पूर्ण बिल वेळेवर, एवढंच. इथे एक बारकावा आहे: कार्ड कंपनी आकडा कळवते तो साधारण बिल निघण्याच्या दिवशीचा. ५०० डॉलरच्या मर्यादेवर ४५० खर्च करून मुदतीत सगळे भरले, तरी अहवालात ९० टक्के वापर दिसतो आणि स्कोअर घसरतो. बिल निघण्याच्या आधीच पैसे भरा.

६२० हा बराच काळ किमान उंबरठा होता आणि बरेच लेंडर तो अजूनही धरतात. पण किमान गाठून थांबू नये, कारण दर सर्वांत चांगला मिळतो तो ७८० च्या पुढे. तीन संस्थांचे तीन स्कोअर येतात, त्यातला मधला धरतात. दोघे अर्जदार असतील तर दर ठरताना दोघांच्या मधल्या स्कोअरपैकी कमी असलेला धरला जातो. नवऱ्याचा ७९० आणि आठ महिन्यांपूर्वी कार्ड मिळालेल्या बायकोचा ६८०, तर दर ६८० चा. दुसऱ्याच्या पगाराशिवाय कर्ज बसत असेल तर अर्ज एकट्याने करावा असं म्हणण्याचं हे दुसरं कारण.

घरभाडं रोखीने किंवा रूममेटच्या खात्यातून देऊ नका. स्वतःच्या खात्यातून बारा महिने दिसणारं भाडं फॅनी मेची संगणकीय तपासणी जमेस धरू शकते.

दोन वर्षांची नोकरी कुठून आणायची

लेंडरला दोन वर्षांचा कामाचा इतिहास हवा असतो, आणि नवखे इथेच मागे फिरतात. मागे फिरायची गरज नाही. दोन वर्षं अमेरिकेतलीच हवीत असं नसतं. हिंजवडीतल्या कंपनीत चार वर्षं आणि इथे सात महिने त्याच क्षेत्रात, हा इतिहासच आहे. फक्त तो सिद्ध व्हायला हवा. जुन्या कंपनीचं अनुभवपत्र, फॉर्म १६, शेवटच्या पगारपावत्या आणि पडताळणीला उत्तर देणारा मनुष्यबळ विभागाचा ईमेल आधीच गोळा करून ठेवा. भारतातली कंपनी बंद पडली असेल किंवा ईमेलला उत्तर देत नसेल, तर फाईल तीन आठवडे तिथेच बसते. इथेच शिकून नोकरीला लागलेल्यांसाठी त्याच विषयातलं शिक्षणही या दोन वर्षांत धरतात; गुणपत्रक जोडा.

किती झेपेल

६.५ टक्के स्थिर दराने ३० वर्षांसाठी ५ लाख डॉलर घेतले तर महिन्याचा हप्ता ३,१६० डॉलर. पहिल्या महिन्यात त्यातले २,७०८ व्याज आणि फक्त ४५२ मुद्दल. भारतात रेपो दर हलला की हप्ता किंवा मुदत हलते. इथल्या स्थिर दराच्या कर्जात तीस वर्षांत हा आकडा हलत नाही. हलतात ते त्याला चिकटलेले दोन भाग, मालमत्ता कर आणि विमा. लेंडर तेही हप्त्यासोबत एस्क्रो, म्हणजे कर-विमा भरण्यासाठी राखून ठेवलेल्या खात्यात घेतो.

समजा घर ६ लाख २५ हजारांचं, २० टक्के भरले. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी कर किमतीच्या २ टक्के धरला तर महिन्याला सुमारे १,०४०, विमा १५०. झाले ४,३५०. गाडीचा हप्ता ५०० असेल तर ४,८५०. लेंडर बघतो तो या एकूण बोजाचं करपूर्व पगाराशी प्रमाण. संगणकीय तपासणीत ते ५० टक्क्यांपर्यंत चालू शकतं. ४५ टक्के धरलं तर वर्षाला सुमारे १ लाख २९ हजार पगारावर हे कर्ज मंजूर होईल. पण लेंडर मंजूर करतो म्हणून ते झेपतं असं नाही. ३६ टक्क्यांच्या जुन्या हिशोबाने याच घराला १ लाख ६२ हजार पगार लागतो. व्हिसावरच्या माणसाने हा दुसरा आकडा धरावा, कारण त्याची नोकरी गेली तर पगारासोबत राहण्याचा हक्कही धोक्यात येतो.

भारतातून येणारा पैसा

फाईल सगळ्यात जास्त वेळा अडखळते ती इथे. लेंडर शेवटच्या दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट बघतो, आणि पात्र मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी कुठलीही जमा दिसली की ती कुठून आली ते विचारतो. भिशी फुटली, मित्राने उसने परत केले, गावची गाडी विकली, असं तोंडी सांगून चालत नाही. कागद नसेल तर ती रक्कम वजा करून हिशोब होतो.

परदेशातला पैसा चालतो, पण क्लोजिंगच्या, म्हणजे अंतिम सह्या आणि पैशांच्या व्यवहाराच्या आधी तो डॉलरमध्ये अमेरिकेतल्या खात्यात आलेला हवा आणि त्याची वाट कागदावर दिसायला हवी. एफडी मोडली, तिचे पैसे बचत खात्यात आले, तिथून परदेशी पाठवणी झाली, इथे जमा झाले: चारही टप्प्यांचे कागद, रकमा जुळत्या. मराठीतलं खरेदीखत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. पैसा दोन महिन्यांहून अधिक आधी इथे आलेला असेल तर तो स्टेटमेंटच्या खिडकीबाहेर जातो आणि बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. घर बघायच्या तीन महिने आधी पैसा हलवा, हा या लेखातला सर्वात स्वस्त सल्ला.

कोणत्या खात्यातून, यावर बाकीचं अवलंबून. एनआरई खात्यातला, म्हणजे परदेशी कमाईच्या खात्यातला पैसा मोकळेपणाने येतो. एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरची घोषणा लागते. बऱ्याच जणांचं खातं देश सोडून दोन वर्षं झाली तरी साधं बचत खातंच असतं, आणि ऐन वेळी बँक आधी ते एनआरओ करा म्हणते. त्यात महिना जातो. या सगळ्या भारतीय खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर अमेरिकेत एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. लेंडर ते तपासत नसला तरी स्टेटमेंट देताना आपलं घर नीट असावं.

आईवडिलांनी दिलेला पैसा गिफ्ट म्हणून चालतो. स्वतःच्या राहत्या एका घरासाठी सगळं डाउन पेमेंटही गिफ्टचं असू शकतं. त्यासाठी पत्र लागतं: देणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं, रक्कम, आणि परतफेडीची अपेक्षा नाही असं स्पष्ट वाक्य. मामा, आत्या, सासरे चालतात. मित्र चालत नाही. "सध्या घे, जमेल तसं दे" असं ठरलं असेल तर ते कर्ज आहे आणि तसंच दाखवायला हवं. गिफ्ट म्हणून सही करणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि व्हिसावर असताना तर तो खेळ मुळीच करू नये.

भारतात राहणारे पालक उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर नाही. गिफ्टसाठी त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. वडिलांनी एकट्याने ३० लाख पाठवले तर वरच्या २० लाखांवर ४ लाख अडकतात. ते बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण महिने लागतात, आणि पाठवतानाच वेगळे ४ लाख हाताशी लागतात. आई आणि वडील या दोन वेगळ्या पॅनवरून, मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा पाठवलं तर दोन आर्थिक वर्षं मिळून ४० लाख रुपये टीसीएसशिवाय येतात. अट एवढीच की पैसा खरोखर ज्याच्या-त्याच्या खात्यातला असावा.

अमेरिकेच्या बाजूने गिफ्टवर घेणाऱ्याला कर नाही. मात्र परदेशी व्यक्तीकडून एका कॅलेंडर वर्षात एकूण १ लाख डॉलरच्या वर आलं तर फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. इथे आई आणि वडील वेगळे धरले जात नाहीत, दोघांची बेरीज होते, आणि मार्च-एप्रिल हे एकच वर्ष असतं. फॉर्म चुकला तर दंड महिन्याला रकमेच्या ५ टक्क्यांनी वाढत २५ टक्क्यांपर्यंत जातो. कर शून्य, दंड पाव रक्कम, असा हा विचित्र फॉर्म आहे.

४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यामधून कर्ज काढून डाउन पेमेंट भरायचा सल्लाही मिळेल. नियमात तो बसतो, पण नोकरी गेल्यास ती शिल्लक पुढच्या वर्षीच्या विवरणपत्राच्या तारखेपर्यंत परत करावी लागते, नाहीतर करपात्र होते. आपल्या परिस्थितीत हा शेवटचा मार्ग.

अर्ज ते किल्ली

घर बघण्याआधी प्रीअप्रूव्हल घ्या, प्रीक्वालिफिकेशन नव्हे. दुसऱ्यात कुणी कागद तपासलेले नसतात. व्हिसाचे कागद अंडररायटरच्या डोळ्याखालून गेले आहेत का, हे स्पष्ट विचारा. मग तीन-चार लेंडरकडून दर घ्या. दोन आठवड्यांच्या आत झालेल्या मॉर्गेजच्या चौकश्या स्कोअरसाठी एकच धरतात, म्हणून ते एकदम उरका. अर्ज झाल्यावर तीन कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे दर आणि खर्चाचा अंदाज मिळतो. सगळ्यांचा नमुना सारखाच, त्यामुळे शेजारी ठेवून तुलना करता येते. नुसता दर बघू नका, पॉइंट बघा. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का आगाऊ. पाच-सात वर्षांत देश बदलण्याची शक्यता असेल तर पॉइंट घेऊन दर खाली आणण्यात सहसा अर्थ नसतो.

क्लोजिंगचा खर्च कर्जाच्या साधारण २ ते ५ टक्के. तो डाउन पेमेंटच्या वर, वेगळा.

सौदा ठरला की इसारा म्हणून अर्नेस्ट मनी जातं, बऱ्याच ठिकाणी किमतीच्या १ ते ३ टक्के. कर्ज मिळालं नाही तर ते परत मिळावं म्हणून करारात फायनान्सिंगची अट असते, आणि तिला मुदत असते. अपघात होतो तो असा: मुदत २१ दिवसांची, अठराव्या दिवशी अंडररायटर म्हणतो मुदतवाढीचं मंजुरीपत्र आल्याशिवाय पुढे जाणार नाही, मंजुरी पस्तिसाव्या दिवशी येते. मधल्या काळात अट संपलेली असते आणि इसारा विक्रेत्याचा होतो. व्हिसाचा कुठलाही कागद प्रलंबित असेल तर मुदत आधीच मोठी मागा, आणि संपण्यापूर्वी लेखी वाढवून घ्या.

सही करण्याच्या आधीच्या दहा कामाच्या दिवसांत लेंडर मालकाला फोन करून नोकरी चालू आहे का ते विचारतो. म्हणून अर्ज ते क्लोजिंग या काळात नोकरी बदलू नये, नवी गाडी घेऊ नये, सोफ्यासाठी स्टोअर कार्ड काढू नये. एच-१बी ट्रान्सफरमध्ये अर्ज दाखल होताच नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं, पण त्याने फाईल पुन्हा पहिल्या पानावर जाते.

याच काळात भारतात जाऊन शिक्का मारून येऊ, असंही करू नका. अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली की क्लोजिंगला माणूस हजर नाही. अडकलातच तर त्या घरापुरतं मुखत्यारपत्र करून जोडीदाराला सही करता येते. मजकूर लेंडर आणि टायटल कंपनीकडून (मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणारी कंपनी) आधी मंजूर करून घ्या आणि नोटरी मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात करा. कोपऱ्यावरच्या वकिलाचा शिक्का इथे चालेलच असं नाही.

क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे अंतिम आकड्यांचा कागद, क्लोजिंगच्या तीन कामाचे दिवस आधी येतो. तो लोन एस्टिमेटशी ओळीने ओळ ताडा. आणि पैसे वायर करण्याआधी टायटल कंपनीला, ईमेलमध्ये आलेल्या नव्हे तर आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून खातं क्रमांक वाचून घ्या. बनावट ईमेलवर गेलेलं डाउन पेमेंट सहसा परत येत नाही.

नोकरी गेली किंवा परत गेलो तर

एच-१बीची नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत राहता येतं. एवढ्या दिवसांत घर चांगल्या किमतीला विकलं जाणं अवघड. पण विकावंच लागतं असंही नाही. व्हिसा संपला म्हणून लेंडर कर्ज परत मागत नाही, मालकी जात नाही. हप्ते जात राहिले की झालं. राहतं घर म्हणून कर्ज घेताना ६० दिवसांत राहायला जाऊन किमान वर्षभर राहण्याचं वचन दिलेलं असतं. त्यानंतर भाड्याने देता येतं. म्हणून विकत घेण्याआधीच सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम वाचा. काही ठिकाणी भाड्याने द्यायच्या घरांची संख्या ठरलेली असते, काही ठिकाणी पहिली दोन वर्षं भाडेकरूच ठेवता येत नाही. स्थानिक खरेदीदाराला ही बारीक अट वाटेल. व्हिसावरच्या माणसासाठी तो बाहेर पडायचा दरवाजा आहे.

भारतात परतल्यावर विकलं तर विक्रेता परदेशी ठरतो, आणि खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून अमेरिकी कर खात्याकडे भरावी लागते. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत १० लाख डॉलरपर्यंत असेल तर १० टक्के, ३ लाखांपर्यंत काही नाही. खरा कर कमी असेल तर फरक विवरणपत्र भरून परत मिळतो, किंवा विक्रीच्या तारखेपर्यंत अर्ज करून कपात कमी करून घेता येते. आधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या मालकाला अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्यामुळे परतल्यावर तीन वर्षांच्या आत विकण्याला वजन आहे.

अनिवासी असताना घेतलेलं परदेशातलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं. फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) मध्ये तशी तरतूद आहे. पूर्ण निवासी झाल्यावर मात्र त्याचं भाडं भारतातही दाखवावं लागतं, अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट घेऊन, आणि विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्या घराची नोंद दरवर्षी करावी लागते.